हातावरचं नाव

येसूबाईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि हे ती लपवूनही ठेवत नसे. स्वतः धार काढलेल्या दुधातही तिला पाण्याचा वास यायचा. जत्रेत हातावर नवऱ्याचं नाव गोंदवून घेतलं, तेव्हा तिनं मास्तर, पोस्टमन आणि वाणी अशा तिघांपुढं हात केला. "काय लिवलंय?" एवढंच विचारलं. तिघांनीही 'कान्हू' असंच वाचलं. तरी हे तिघं आतून एक असतील का, हा किडा घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात वळवळत होता.

पुढं डोंगरापलीकडं धरण व्हायचं ठरलं आणि त्यांची वाडी पाण्यात जाणार असं कळलं. ज्यांची घरं जाणार, त्यांना कामशेतच्या बाजूला जागा मिळणार होत्या. यादी कामशेतच्या चावडीबाहेर लागली. नाव असेल त्यानं दिवस मावळायच्या आत अंगठा उठवायचा, नाहीतर जागा गेली. कान्हू खोकल्यानं अंथरुणाला खिळलेला, म्हणून त्याचा चुलतभाऊ सोपान बघून आला.

"वैनी, दादाचं नाव काय दिसलं न्हाई."

"आन् तुजं?"

"माजं हाय की."

झालं. येसूबाईला जागा हडपायचा सगळा डाव लख्ख दिसला. "आगं, ऐक तर," म्हणत कान्हू उठून बसला, पण त्याला खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत सोपानला शिव्या देत बाई अर्धा डोंगर उतरली होती.

चावडीच्या भिंतीला मोठा कागद डकवलेला. वाचता येत नव्हतं, पण हातावर नाव होतं ना! तिनं पदर खोचला, गोंदलेला हात कागदाला लावला आणि वरून खाली, एकेका ओळीच्या तोंडाशी तो सरकवत निघाली. हातावरच्या वळणासारखं वळण कागदावर दिसलं की जिंकलं. मागं माणसं हसत होती. एक कारकून म्हणाला, "बाई, मी वाचून दाखवू का?" तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट्यानं आत गेला.

हात तळापर्यंत आला. नाव नव्हतं. तिनं पुन्हा वरून सुरुवात केली. तेही संपलं. ऊन कलायला लागलं होतं.

भाताच्या गिरणीवाल्या इनायतची बायको जैनब समोरून हे केव्हाची बघत होती. ती चौथीपर्यंत शिकलेली. जवळ येऊन तिनं येसूबाईच्या हातावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

"माज्या नावाशी तुला काय करायचंय?"

"यादीत बायकांचीबी नावं हायेत, म्हणून विचारलं."

येसूबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग नाव सांगितलं. जैनबचं बोट कागदाच्या मधोमध थांबलं. "हे बघा. येसूबाई कोम कान्हू, म्हंजे कान्हूची बायको. नवरा हाय की तुमचा, पण तुमच्या मागं उभा हाय. तुम्ही नुसती पहिली नावं शोधलीत."

येसूबाईनं हात त्यातल्या दुसऱ्या नावाला लावला. तेच वळण. त्याच्या अलीकडं एक अनोळखी नाव होतं, आणि ते म्हणे तिचं होतं. स्वतःचं नाव तिनं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. सोपानला फुकट शिव्या दिल्या, हे तिच्या ध्यानात आलं. मग आत जाऊन तिनं अंगठा दिला.

घरी येऊन तिनं कान्हूला धारेवर धरलं. "माजं नाव कुनी घातलं तितं?"

"मीच. साकरेच्या रेशन कार्डाचा म्हनून तू अंगठा दिलास ना, तो ह्या जागंच्या अर्जावर हुता."

"खोटं बोललास?"

"खरं सांगितलं आसतं तर दिला आसतास?" तो धाप लागून थांबला. "भावकीवर भरवसा ठेवू नगं, आसं तूच रोज सांगतीस. मी गेल्यावर तुला त्या जागंवरनं कुनी ऊठ म्हनाया नगं."

येसूबाई चुलीपुढं बसली. सवयीनं ती याही बोलण्यातला डाव शोधू लागली. शोधून शोधून एकच सापडला. हा माणूस जायची तयारी करून बसला होता, आणि साऱ्या गावावर संशय घेणाऱ्या तिला त्याचा मागमूस लागला नव्हता. तिला रडू आवरेना.