सारख्या वजनाची दोन नाणी

गुंजकाका हे नाव त्यांना संग्रहालयातच पडलं. गुंजभर फरकही हाताला कळायचा ना! निवृत्तीनंतरही जुन्या इंग्रजी तांब्याच्या नाण्यांची पेटी त्यांच्याच घरी यायची. चेहरा, साल, अक्षरं, सगळं झिजून गेलेल्या त्या चकत्या. काका काट्यावर ठेवत आणि सांगत, हा पेनी, हा अर्धा, हा पाव पेनीचा फार्दिंग.

यंदा मोतीबिंदूने काट्यावरचे आकडे दिसेनात. त्यात संग्रहालयाचे नवे साहेब बजावून गेलेले, "एक जरी चूक निघाली तर पुढची पेटी दुसऱ्या कुणाला देऊ." घरात हे कुणाला न सांगता काका सुनेला म्हणाले, "तू नुसते आकडे वाच. बाकी मी बघतो."

"बघता येत असतं तर मला कशाला हाक मारली असतीत, मामंजी?"

काकाही हसले आणि पहिलं नाणं तिच्यापुढे सरकवलं.

नाणी घरंगळू नयेत म्हणून सून एकेक गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात ठेवत होती. नऊ ग्रॅमच्या आसपास भरलं की काका म्हणत, "अर्धा पेनी," आणि ती पाकिटावर लिही. बाराव्याला ती थबकली.

"हे झाकणात बसत नाही."

"मग झाकण बदल."

"आधीचे सगळे अर्धे बसले हो! वजन तर तेवढंच आहे."

काकांनी ते आणि आधीचं एक, दोन्ही नाणी चिमटीत धरून पाहिली. एक आटोपशीर, जाड. दुसरं रुंद, पातळ. ते ओशाळलेच. जुना तांब्याचा अर्धा पेनी आणि नंतरचा कांस्याचा अख्खा पेनी, वजनाला जवळजवळ सारखेच! कितीजणांना त्यांनीच हे शिकवलं होतं. आणि काट्याच्या भरवशावर आज स्वतःच विसरले. मग उरलेलं प्रत्येक नाणं झाकणात घालून पाहिलं. असे कांस्याचे पेनी आणखी तीन निघाले.

शनिवारी साहेबांनी सगळी पाकिटं उलटीपालटी केली. "काका, नजर अजून तशीच आहे तुमची."

"नजर सुनेची," काका म्हणाले. "लिहून ठेवा तिचं नाव."

साहेबांनी लिहिलं, आणि नवी पेटी पुढे सरकवली.

रोज देवाकडे डोळे मागणारे काका त्या संध्याकाळी काहीच न मागता नुसते हात जोडून उभे राहिले. देवाने डोळे पाठवले होतेच, घरात वावरत होते. ओळखायला उशीर झाला तो यांनाच.

आतून सुनेची हाक आली, "मामंजी, बाटलीचं झाकण कुठे गेलं?"

"ते आता कामावर लागलंय. बाटलीला कागद बांध!"