झाडाखालची पोरं

दुपारचं जेवण अंगावर आलेलं असतं. प्रकाशनाच्या कचेरीत पंखा गरगरत असतो आणि कांचन टेबलावर हात पसरून त्यावर गाल टेकते. गालाखाली विजेवरच्या चित्रपुस्तकाचं प्रूफ. पुस्तक बालवाडीतल्या मुलांसाठी आहे, आणि त्यातलं विज्ञान तपासायला तिला, भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलीला, ठेवलंय. मजकुरात चूक नाही. आधी लखलखाट, मागून गडगडाट, सगळं बरोबर. चित्रात मात्र वीज कडाडतेय आणि तीन मुलं झाडाखाली उभी राहून हसतायत.

हे झाड काढा, असं तिनं लिहून दिलंय. "शास्त्र तू बघ, चित्र मी बघते. झाडाशिवाय पान ओकंबोकं दिसतं," असं संपादक देवयानीताईंचं म्हणणं. संध्याकाळी पुस्तक छापायला जाणार. तिची सही तेवढी बाकी आहे.

डोळे जड होतात, आणि प्रूफवर एक बारकं बोट येतं.

"ह्या पोरांची नावं काय गं, कांचे?"

महारुद्र. तिचा थोरला भाऊ. वळवाच्या पावसात चिंचेखाली थांबला आणि अंगावर वीज पडून गेला, तेव्हा दहा वर्षांचा होता. अजून दहाचाच आहे. शर्टाची बटणं वरखाली लावलेली.

"नावं नाहीत रे. चित्रातली आहेत ती."

"रे? दादा म्हण."

"मी चोवीस वर्षांची आहे!"

"मग? आधी कोण जन्मलं?"

टेबलाला फांद्या फुटलेल्या असतात. खाली फरशी नाही, नांगरलेलं काळं रान आहे. पंख्याचा आवाज वर कुठंतरी ढगात चाललाय.

"लई हसाय लागलीत," महारुद्र चित्राकडे बघत म्हणतो. "मी बी हसत होतो. शाळंतल्या पुस्तकात असंच होतं. पाऊस आला की पोरं झाडाखाली."

"मी मजकूर तपासते, दादा. मजकुरात झाड नाही."

"बालवाडीतल्या पोराला वाचता येतंय व्हय?" तो एकदम ओरडतो. "ते काय बघतंय? चित्रच बघतंय ना!"

"मी सांगितलं त्यांना! ऐकत नाहीत!"

"एकदा सांगितलं आन् गप बसलीस. लहानपणी बोरासाठी माझा कान चावला होतास, तवा किती येळा सांगितलं होतंस?"

तिला हसू येत नाही. देवयानीताईंचा, त्या पानाचा, स्वतःचा, सगळ्यांचाच राग आलेला असतो. आता ती दोघं वर्गात आहेत. वर्गाला छप्पर नाही. फळ्यामागून आभाळ काळंभोर होत चढतंय.

"तू शिकलीस ना? मग सांग, काय करायचं?"

"पक्क्या घरात पळायचं. घर जवळ नसलं तर झाडापासून लांब, उघड्यावर उकिडवं बसायचं. टाचा जुळवून. डोकं खाली, कान झाकून. आडवं पडायचं नाही."

"असं? खुडूक कोंबडीवानी?"

"हो, तसंच."

तो बसतो. तीही त्याच्याशेजारी बसते. त्याची मान खाली आहे, आवाज गुडघ्यांतून येतो.

"हे तवा का न्हाई सांगितलंस?"

"मी सात वर्षांची होते!"

"आन् आता?"

सगळं पांढरंफटक होतं. ती गडगडाटाची वाट बघते. तो येत नाही.

कांचन कचेरीच्या फरशीवर उकिडवी बसलेली आहे. टाचा जुळलेल्या, तळवे कानांवर घट्ट. पायांना मुंग्या आल्यात. खिडकीबाहेर रखरखीत ऊन आहे.

दार ढकलून देवयानीताई डोकावतात. "अगं, खाली काय करतेस? सही झाली का?"

"नाही. झाड काढल्याशिवाय होणार नाही."

"पुन्हा तेच? अगं, पान ओकं—"

"ओकं राहू दे! नाहीतर माझं नाव काढा आणि मुलांच्या आयांना तुम्हीच सांगा."

देवयानीताई तावातावाने आत यायला निघतात. कांचन हात आडवा घालते. तिच्या शेजारी फरशीवर काळ्या मातीचे दोन लहान पाय उमटलेत, टाचेला टाच लावून.

"अलीकडेच थांबा," ती म्हणते. "इथे ओलं आहे."