नायिकेचं गाऱ्हाणं

वाचनालयात पुस्तकं वर्गणीतून येतात, किस्से मात्र फुकट साठतात. शिरोड्याला आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी कॉलेजच्या पाच मुली जमतात आणि त्यांच्याच वयाच्या मुलींवरच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचतात. ताई म्हणून मी असते. बाहेर माडाचं झावळं पडलं तरी दचकणारी ताई.

पहिल्याच कादंबरीत बाइकवाल्या हीरोने नायिकेचं मनगट पिरगाळून तिला भिंतीला टेकवलं. 'तिचं काळीज धडधडू लागलं.' वाचता वाचता माझंही लागलं. अकरावीतली तन्वी शांतपणे म्हणाली, "ती घाबारली, आणि लिवणाऱ्याक वाटला प्रेम झाला."

समीक्षाची आई बाजारात मासे विकते. ती म्हणाली, "माझ्या आवशीचो हात असो कोणी धरूक गेलो, तर तिच्या म्होरे आदाळो आसता." आदाळो म्हणजे मासे कापायची विळी. त्या हीरोसाठी मलाच भीती वाटली.

पुढच्या पुस्तकात नायिकेने चष्मा काढला आणि क्षणात सुंदर झाली. समीक्षाने लगेच स्वतःचा काढून पाहिला. मग खिळ्याला टांगलेल्या रेनकोटला तिने अदबीने विचारलं, "काका, किती वाजले?"

नायिकांच्या आया फार लवकर मरतात, हेही आमच्या लक्षात आलं.

"ताई, पयल्याच पानार आवशीक कित्या मारतत?" एकीने विचारलं.

मी काहीतरी साहित्यिक सांगणार होते, तेवढ्यात तन्वी बोलली. "आवस जिती ऱ्हवली तर तो हीरो तिसऱ्या पानार मार खातलो. पुस्तक थंयच संपतला."

हे सगळं तन्वी घरी जेवताना सांगायची. तिथेच घोळ झाला. तिचे आजोबा देवळात गावाचं गाऱ्हाणं घालतात. ते देवाला साकडं घालतात आणि अख्खा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. गाऱ्हाणं पुरुषांनीच घालायचं, अशी रीत. नात उलट बोलायला शिकली, असं त्यांचं मत झालं. त्यांनी निरोप धाडला, "शनिवारी येतंय. काय वाचतत ता आयकतंय. बरा वाटला नाय तर चेडू घरात." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे तन्वीचं येणं बंद.

मी तीन दिवस नीट जेवले नाही. शनिवारी मुलींना म्हटलं, आज पक्ष्यांचं पुस्तक वाचूया. तन्वी म्हणाली, "शेवटचा प्रकरण ऱ्हवला आसा, ताई." आणि वाचायला लागलीसुद्धा.

त्या प्रकरणात हीरोने नायिकेला परीक्षेच्या दिवशी खोलीत कोंडलं. दूर जाऊ नये म्हणून. प्रेमापोटी. आणि शेवटी माफी तिनेच मागितली.

तन्वीने पुस्तक मिटलं. उठली, दाराकडे पाठ करून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या पुस्तकातल्या चेडवाचा गाऱ्हाणा घालतंय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मुली हसत म्हणाल्या.

"तिची चुकलेली परीक्षा परत होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जेणा तिका कोंडून 'माझा प्रेम आसा' म्हटल्यान, तेका बुद्धी दी रे म्हाराजा."

मुलींच्या नजरा दाराकडे गेल्या. दारात आजोबा उभे होते. सगळ्यांना दिसत होते, एक तन्वी सोडून. मी खूण केली, पण तिचे डोळे मिटलेले होते.

"आणि जी चेडवा खऱ्यानीच घरात कोंडलेली आसत, त्यांची दारा उघडी कर रे म्हाराजा."

ओ द्यायला कोणी नाही. तन्वी हात जोडून वाट बघत राहिली.

मग दारातून, देवळात घुमतो तोच खर्जातला आवाज आला.

"व्हय म्हाराजा."