पुस्तकाच्या पाठीत राहिलेलं पत्र

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने एकतीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात जुनी पुस्तकं दुरुस्त केली. खळ शिजवायची, दुर्मिळ ग्रंथांची फाटकी पानं सांधायची, हस्तलिखितांच्या सुटलेल्या पाठी बांधायच्या. कागद न् कागद ते तळहाताच्या फोडासारखा जपत. ताईला त्याच्या निम्म्याने जपलं असतं तर मी आज हे सांगत बसले नसते. मला भावजींचा राग होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

त्यांचा एक नियम होता. दुरुस्ती करणाऱ्याने कागद बघायचा, मजकूर बघायचा नाही. वाचत बसलं की हात थांबतो म्हणे. जुन्या वह्यांमधले टाकाऊ, चुरगळलेले कागद ते घरी आणत. ताई त्यांवर इस्त्री फिरवून ते सपाट करी आणि सकाळी तो गठ्ठा डब्याबरोबर त्यांच्या पिशवीत ठेवी. मग त्या कागदांच्या पट्ट्या कापून ते पुस्तकांच्या पाठीत आतून चिकटवत. नवराबायकोत देवाणघेवाण होती ती एवढीच. त्यांचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं, तेव्हापासून भावजींनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. ताईने विषय काढला की ते चपला घालून बाहेर पडत.

ताईला जाऊन चार वर्षं झाली. भावजी निवृत्त झाले, डोळे अधू झाले, आणि बोलायला माणूस हवं म्हणून ते माझ्याकडे येऊ लागले. वरातीमागून घोडं. गेल्या वर्षी ग्रंथालयाने एक प्रदर्शन भरवलं आणि जुने कर्मचारी म्हणून त्यांना बोलावलं. वाचून दाखवायला मी बरोबर गेले.

काचेच्या पेटीत कागदाची एक अरुंद पट्टी होती. औषधांवरच्या एका तीन खंडांच्या हस्तलिखिताच्या पहिल्या खंडाची पाठ निखळली, तेव्हा ती आत सापडली होती. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, 'अज्ञात स्त्रीचं पत्र, सुमारे शंभर वर्षांपूर्वीचं.' ते ठरवणाऱ्या संशोधक बाईंनी कागदाचं वय तपासलं होतं. म्हणजे त्यांनीही कागदच बघितला होता. मी पट्टीवरच्या पेन्सिलीच्या ओळी वाचू लागले.

'समोर बोललं की तुम्ही उठून जाता, म्हणून लिहिते आहे. रागावू नका, शेवटपर्यंत वाचा.'

पुढे माझा आवाजच फुटेना. मला लिहायला ताईने शिकवलं होतं, तिचं अक्षर मी लहानपणी गिरवलं होतं. भावजींना ओळी दिसत नव्हत्या, पण मी गप्प का झाले ते त्यांना कळलं.

"तिचं आहे?" त्यांनी विचारलं.

"तिचंच."

त्यांनी काचेवर हात ठेवला. मग म्हणाले, की तिन्ही खंड त्यांनी एकाच दिवशी बांधले होते, एकाच कागदाच्या तीन पट्ट्या करून. तो कागद गठ्ठ्यात सगळ्यात वर होता. सगळ्यात वर का होता, हे त्यांना सव्वीस वर्षांनी उमगलं.

मी तिथल्या तिथे बाईंना सांगायला निघाले, तर भावजींनी माझं मनगट धरलं. बाई बाकीच्या दोन पाठी उघडायची परवानगी मागत होत्या. पत्र एका घरातलं, कालपरवाचं आहे असं कळलं तर कोण कशाला उघडेल? ही संस्था ते ओळखून होते. मी गप्प बसले, कारण मलाही पुढचं वाचायचं होतं.

परवानगी यायला तीन महिने लागले. तेवढे दिवस आम्ही दर मंगळवारी दुर्मिळ ग्रंथांच्या वाचनकक्षात जात होतो. पिशवी बाहेर ठेवायची, हात धुवायचे, जवळ फक्त पेन्सिल ठेवायची. तिथल्या नोंदवहीत अभ्यासाचा विषय म्हणून मी 'जुनी औषधं' असं ठोकून देई. दुसरा खंड उशीवर ठेवून मिळे आणि भावजी त्याच्या पाठीवर हात ठेवून दोन-दोन तास बसत. बायकोजवळ हा माणूस सलग दहा मिनिटं बसला नव्हता.

पाठी उघडल्या त्या दिवशी बाईंनी भावजींना मुद्दाम बोलावलं, बांधणी त्यांची होती म्हणून. खळ भिजवून दोन्ही पट्ट्या सोडवल्या. मी वाचलं.

'अनाथाश्रमात एक मुलगी पाहून आले. दीड वर्षाची आहे. माझं बोट सोडत नव्हती. आपण तिला घरी आणू या का?'

आणि तिसरीवर, 'शनिवारपर्यंत सांगायचं आहे, नंतर ती दुसऱ्या घरी जाईल. तोंडाने सांगवत नसेल तर याच कागदावर हो किंवा नाही लिहा. उत्तर आलं नाही तर मी पुन्हा विचारणार नाही.'

तिने पुन्हा विचारलं नाही. त्याच वर्षी तिने मला दोन झबली शिवून दिली होती, दीड वर्षाच्या मुलीच्या मापाची. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ताई, तुझा मापाचा अंदाज गेला, असं म्हणून मी हसले होते. भावजींना बोल लावताना हे मला विसरता येत नाही.

बाई खुशीत होत्या. भराभर टिपून घेत म्हणाल्या, की उत्तराची एकही ओळ नाही, तेव्हा हे ज्याला लिहिलं त्याला बहुधा वाचता येत नसावं.

"येत होतं," भावजी म्हणाले. "तो मीच."

दुसऱ्या आठवड्यात पेटीत पट्टीच्या जागी एक नकाशा आला. पत्राला संशोधनमूल्य उरलं नाही, तेव्हा आता ते आम्हाला देतील असं मला वाटलं होतं. अधिकारी नम्रपणे म्हणाले की ग्रंथालयाच्या पुस्तकातून निघालेली वस्तू ग्रंथालयाच्या मालकीची. पट्ट्या पाकिटात गेल्या, पाकिटाला क्रमांक मिळाला. बघायच्या असतील तर रीतसर अर्ज करायचा.

भावजींनी अर्ज स्वतः भरला, कागदाला नाक लावून. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, पाकिटाचा क्रमांक लिहिला. 'पाहण्याचं कारण' या रकान्यापाशी ते अडले. मला सांगता आलं असतं, मी सांगितलं नाही. शेवटी त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'वाचायचं राहून गेलं होतं.'

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज घेतला, हाताने सपाट केला आणि न वाचताच त्यावर शिक्का मारला.