सगळ्यांच्या मागून चालणाऱ्या बाई

"अहो, वरात निघालीय का?" दौडीच्या मैदानावर स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहून, दोन्ही कानांवर हात ठेवून बाई विचारायच्या. आवाज लगेच कमी व्हायचा.

अशा एखाद्या बाई तुम्हीही पाहिल्या असतील. वारज्याच्या आमच्या शाळेत त्या तिसरीला शिकवायच्या, मी चित्रकला. त्यांचे यजमान अग्निशमन दलात होते. एका गोदामाच्या आगीतून त्यांनी दोन हमालांना बाहेर काढलं. आत अजून कुणीतरी आहे असं वाटून ते पुन्हा गेले आणि छत कोसळलं. आत कुणीच नव्हतं.

कामावर असताना गेलेल्या अशा जवानांच्या स्मरणार्थ दर हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी दौड निघते. जमलेला निधी त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला जातो. बाई दरवर्षी यायच्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. धावायच्या नाहीत, सगळ्यांच्या मागून चालायच्या. सोबतीला मी.

एका वर्षी संयोजकांनी आग्रहाने माईक हातात दिला. बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांना पळायचा भारी कंटाळा. कोपऱ्यावरून दूध आणायला चारदा सांगावं लागे. अग्निशमन केंद्रावर घंटा वाजली, की मात्र चहा तसाच टाकून पळायचे." लोक हसले. बाईही हसल्या. माईक परत देऊन त्या पुन्हा सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

पुढच्या वर्षी एक तरुण मुलगी दौडीला आली. तिचा नवरा नुकताच असाच कामावर असताना गेला होता. शिट्टी वाजली, गर्दी निघून गेली, ही मात्र जागीच उभी. बाई जवळ गेल्या.

"पाय उचलत नाहीये हो," ती म्हणाली.

"मला काही घाई नाही. तुला आहे?"

तिने नकारार्थी मान हलवली. दोघी निघाल्या, मागोमाग मी. वाटेत नवऱ्याबद्दल बोलता बोलता ती फुटपाथवर बसली आणि रडायला लागली. बाई शेजारी बसल्या. 'ऊठ' म्हणाल्या नाहीत.

आम्ही परतलो तेव्हा मांडववाले कमान उतरवत होते. बाई लांबूनच कडाडल्या, "अहो, थांबा! आमची मुलगी यायचीय अजून!" बिचारे दोर धरून ताटकळले. ती कमानीखालून गेली तेव्हा टाळ्या वाजवायला तेवढेच लोक उरले होते. दोर सोडता येईना, म्हणून त्यांनी ओरडून कौतुक केलं. ती पहिल्यांदाच हसली.

मागच्या पावसाळ्यात बाई गेल्या. झोपेतच.

यंदा मी एकटाच गेलो. चाललो नाही, कमानीपाशीच थांबलो. ती मुलगी या वेळी धावली, आणि चांगली पुढच्या घोळक्यात धावली. कमान ओलांडल्यावर कुणीतरी तिला पाण्याची बाटली दिली. बाटली घेऊन ती वळली आणि आल्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. मागून माणसं येत होती. शेवटचा माणूस पोचला, तरी तिने बाटली उघडली नव्हती.