लाख लावलेलं दूध

ये गं, अशी जवळ ये. कागदावर का होईना, पण जवळ बस. दिवाळीपासून तुझं पाऊल नाही इकडे, आणि परवा फोनवर बोललीस ते काय बोलणं झालं? "आजी, इन्स्पेक्टर आला नि माझं श्रीखंड बाटल्यांत भरून घेऊन गेला. एवढ्याशा धंद्याला एवढा तमाशा!" वर म्हणालीस, तुझ्याकडे ठेवायला दिलेली बाटली तू खोपोलीच्या त्या खोलीत कुठेतरी कोनाड्यात टाकून दिलीस. टाकून दिलीस? अगं, तशी एक बाटली आपल्या देवघरात आहे. लहानपणी तू हात लावायला गेलीस तेव्हा मी तुझ्या हातावर चापट मारली होती. आठवतंय? तेव्हा रडलीस, पण का मारलं ते मी सांगितलं नाही. आज सांगते.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. कडावचं हेच घर. दारात पाच म्हशी. माझे सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, सकाळच्या धारा काढून सायकलला दोन किटल्या अडकवायचे आणि कर्जतच्या बाजारात जायचे. तिथे त्यांचं लहानसं दुकान. दूध, दही, आणि मागल्या बाजूला भट्टीवर खवा. नुकतं लिटर आलं होतं, पण गिऱ्हाईक शेरच मागायचं आणि मामंजी लिटरच्या मापाने शेर द्यायचे. परवान्याचा कागद त्यांनी चौकट करून भिंतीला लावला होता, देवाच्या तसबिरीशेजारी. लिहिणं म्हणजे फक्त सही यायची, पण त्या कागदाला रोज फडकं मारायचे.

घरातला नियम एकच. दूध इकायचं, ताक प्यायचं. सासूबाई किटलीत खुणेची बांबूची काडी बुडवून बघायच्या, दूध खुणेला लागलं की झाकण. चहा आम्हा बायकांना कोराच.

माझं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा गावची सुईण म्हणाली, "पोरी, तुझ्या अंगात काय नाय. रोज तांब्याभर दूध पीत जा, नायतर हेबी जाईल." मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू." आता "बघू" म्हणजे काय ते तुलाही कळतं. तुझे आजोबा कारखान्यात पाळीवर, आठवड्याने घरी. सांगणार कुणाला?

तर मी प्यायले. धारा काढून मामंजी अंघोळीला गेले की चुलीपाशी मीच असायची. तांब्याभर दूध काढून घटाघटा प्यायचं आणि तोच तांब्या रांजणात बुडवून किटलीत रिता करायचा. काडी खुणेला लागायची. किती सोपं होतं गं ते.

आणि एक दिवस दुकानात साहेब आला.

हे सगळं मामंजींनी संध्याकाळी अंगणात सांगितलं, हसत हसत. साहेबाने किटली नीट ढवळायला लावली. दूध विकत घेतलं, पावती लिहून घेतली. बाजारातला एकजण ओरडला, "अरं, सरकार बी रोखीनं दूध घ्यायला लागलं!" शेजारचा किराणावाला पंच म्हणून उभा केला. तीन कोरड्या बाटल्यांत सारखं सारखं भरलं, प्रत्येकीत औषधाचे थेंब टाकले, म्हणजे दूध नासत नाही. बूच, त्यावर कागद, कागदाला दोरा, दोऱ्याच्या गाठीवर लाख. चिठ्ठीवर मामंजींची सही. एक बाटली तपासायला जाणार, एक साहेबाकडे, एक आमच्याकडे.

"जपून ठेवा," साहेब म्हणाला होता, "उद्या वाद झाला तर हीच तुमची साक्ष."

चांगला होता बिचारा. दमदाटी नाही, काही मागितलं नाही. आणि मामंजींनी त्या भरल्या बाजारात छाती पुढे काढून सांगितलं होतं, "माझ्या दुधात पाणी निघालं ना, तर म्हशीच्या आचळाला पुन्हा हात लावायचा नाय मी."

सांगून झाल्यावर त्यांनी ती बाटली देवघरात नेली, बाळकृष्णाच्या बाजूला ठेवली आणि तिलाही हळदकुंकू लावलं. मी चुलीपुढे बसून होते. तव्यावरची भाकरी करपली.

त्या दिवसापासून मी दुधाला शिवले नाही. आणि त्या दिवसापासून ती बाटली माझ्याकडे बघायला लागली.

हसू नकोस. दूध म्हणजे काय असतं? सकाळी काढलं, तापवलं नाही तर संध्याकाळी नासलं. आमचं सगळं आयुष्य त्या नासण्याच्या पुढे पळण्यात गेलं. आणि हे दूध नासेना. आठवडा गेला, पंधरवडा गेला. वर पिवळट साय धरली, घट्ट. मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "बघा, साय बघा माझ्या दुधाची!" मला साय दिसायचीच नाही. मला खाली दिसायचं. तळाशी निळसर पाणी उतरत होतं. आधी करंगळीच्या नखाएवढं, मग बोटाच्या पेराएवढं. मला वाटायचं, मी घातलेलं पाणी ते, रांजणातलं, आपणहून वेगळं होतंय. दिवा लावायला गेले की लाखेचा तो लाल गोळा डोळ्यासारखा चमकायचा. मी डोळे मिटून वात लावायची. एकदा बोट भाजलं.

मग निकालाचा कागद आला. दुधात पाणी. कर्जतच्या कोर्टाचं बोलावणं.

बाजाराला काय, निमित्तच हवं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक विचारायला लागलं, "काय दूधवाले, आज उल्हास नदीचं का इहिरीचं?" मामंजी पहिल्या दिवशी भांडले, दुसऱ्या दिवशी भांडले, तिसऱ्या दिवशी खाली मान घालून माप घालू लागले. पण मागे हटले नाहीत. वकील घरी आला, ओट्यावर बसून समजावलं. "गुन्हा कबूल करा. पहिलीच वेळ आहे, दंडावर भागेल. नाहीतर अर्ज करू, तुमची बाटली कलकत्त्याला सरकारच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाईल. तिथला निकाल शेवटचा. पण तिथंही पाणी निघालं तर मात्र जेल होईल, परवानाही जाईल. विचार करा."

"विचार कसला?" मामंजी म्हणाले. "जे केलंच नाय ते कबूल कसं करू? पाठवा बाटली. दूध खोटं बोलत नाय."

दूध खोटं बोलत नाही, हे खरंच होतं गं. म्हणून तर माझी झोप उडाली होती.

तारखेच्या दिवशी पहाटे, अजून पुरतं उजाडायचं होतं, मी गोठ्यात गेले. माझे दिवस भरत आले होते. मामंजी म्हशीच्या कुशीला डोकं टेकून धार काढत होते. चरवी निम्मी भरली होती. अर्ज खिशात होता, बाटली फडक्यात गुंडाळून सायकलच्या पिशवीत ठेवलेली मी येताना पाहिली होती.

"मामंजी, बाटली पाठवू नका."

"का?"

"पाणी मी घातलंय."

हात थांबले नाहीत त्यांचे. धार पडत राहिली. मी सुईणीचं सांगितलं, तांब्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"किती वेळा?"

आणि मी म्हटलं, "एकदाच. त्याच दिवशी."

पोरी, ते एकदाच नव्हतं. दोन महिने रोज होतं. कबूल करायला गेले आणि कबूल करता करता खोटं बोलले. का बोलले, मला अजून सांगता येत नाही. एका तांब्याला माफी मिळेल, साठांना मिळणार नाही, असं काहीतरी मनात आलं असेल.

त्यांनी धार पुरी केली. म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. उठून चरवी माझ्यापुढे धरली आणि एवढंच म्हणाले, "मागायचं नाय का गं, सूनबाय?"

कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. माझ्या हातून झालं, म्हणाले. दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसभर तिथेच कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहायचं. कर्जतचा माणूस ना माणूस कोर्टात येतो, कुणी जमिनीच्या कामाला, कुणी साक्षीला. सगळ्यांनी त्यांना त्या बाकावर पाहिलं. संध्याकाळी घरी आले, बाटली होती तशी देवघरात ठेवली. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आवो, कशाला घातलंत पाणी?" ते पाय धुवायला मोरीकडे गेले. खरं काय ते सासूबाईंना कधी कळलं नाही, तुझ्या आजोबांनाही नाही.

दुसऱ्या पहाटे त्यांनी चरवी माझ्या हातात दिली. "मी बाजारात बोललोय," म्हणाले, "आता मला हात लावता येणार नाय." तेव्हापासून धारा मी काढल्या. ते गोठ्याच्या उंबऱ्यावर पाठ करून बसायचे. पहिल्या म्हशीची धार झाली की खाकरायचे. म्हणजे, आधी पी. मी तांब्या तोंडाला लावायची, रिता करून खाली ठेवायची, तो आवाज ऐकला की उठायचे. तुझा बाप जन्मला, चांगला गुटगुटीत, तो चालायला लागेपर्यंत हे चाललं. दुकानात त्यांनी काचेची कांडी आणली, दुधात सोडली की पाणी किती ते दाखवणारी. रोज गिऱ्हाइकासमोर किटलीत सोडायचे. हळूहळू गिऱ्हाईक परतलं. मामंजी स्वतः मात्र जाईपर्यंत कोरा चहा प्यायले.

मला वाटायचं, निदान ते एका तांब्याचंच ओझं घेऊन गेले. तेराव्यानंतर सासूबाई आणि मी तांदूळ निवडत बसलो होतो. त्या आपल्याच नादात म्हणाल्या, "डोळेच गेले हुते त्यांचे. ती केस व्हायच्या आधी दोन महिने रोज म्हणायचे, नखावर दुधाचा थेंब ठेवला की पळतोय, थांबत नाय. मी म्हणायची, तुमच्या नजरेचा दोष."

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. पाणी घातलेल्या दुधाचाच थेंब असा पळतो; तोवर त्यांनीही नजरेचा दोष मानला असेल. गोठ्यात मी "एकदाच" म्हटलं तेव्हा मात्र त्यांना ठाऊक होतं. तरी वर्षभर रोज उंबऱ्यावर बसून खाकरत राहिले.

आता गोठ्यात एकच म्हैस आहे. पहाटे धार काढून मी उठायला लागले की उंबऱ्याकडे कुणीतरी खाकरतं. वारा म्हण, म्हातारीचे कान म्हण. मी तांब्याभर पिते, खाली ठेवते, मग सगळं शांत होतं. न प्यायले तर होत नाही, करून पाहिलंय.

आणि बाटली आहे तिथेच आहे. साय लाकडासारखी झाली, चिठ्ठीवरची शाई उडाली, पण त्यांची सही अजून वाचता येते. तीन वाकडी अक्षरं. नासलं नाही गं ते दूध, अजून नाही.

ते आता राहू द्यायचं नाही, असं मी ठरवलंय. पण लाख मला एकटीला फोडवत नाही. शिवाय आत औषध आहे, गोठ्यात ओतवत नाही, नदीत तर नाहीच. तुझ्या त्या साहेबाला विचार, असलं दूध कुठे टाकायचं असतं. तो सांगेल, त्याचं कामच आहे ते. आणि तुझी बाटली कोनाड्यातून काढून नीट जागी ठेव आधी.

मग ये. पुढच्या रविवारी ये, आदल्या दिवशीच मुक्कामाला ये, म्हणजे पहाटे धारेच्या वेळी उठता येईल. पहिला तांब्या तू पी. मी उंबऱ्यावर बसते.