मी काढलेलं दार

ये वं पोरी, जवळ बस. काहून येत नव्हतीस इतके दिवस?

दवाखान्यात भाजलेल्या बाया चित्रं काढायच्या, तिथं मी रंग वाटायले जात होती. एक बाई रोज ती कामाले होती तो बुटीबोरीचा जळालेला कारखाना काढायची, पट्टी बांधलेल्या हातानं, जीभ दातात धरून. भिंती, धूर, सगळं असे, दार मात्र नसे. मले वाटलं, विसरली. रांगोळीत अर्धं घर पाहिलं तरी ते पुरं केल्याबिगर माझा हात थांबत नाही. मी लाल दार काढून दिलं.

ती पाहतच राहिली. "काकू, बाहेरून कुलूप होतं. आमच्यासाठी दार नव्हतंच. आता हे पाहून लोक इचारतील, पळाल्या काहून नाही?"

कागद ठेवून गेली, ते परत आलीच नाही. मी माफीही मागितली नाही.

तू मात्र लवकर येत जा. तू सांग, मी मधात माझं काही जोडणार नाही, नुसती ऐकत बसीन.